नाताळच्या जेवणाला बाजूला काय काय ठेवायचं

सोरपोतेल (डुकराच्या मटणाचं व्हिनेगर घातलेलं तिखट कालवण) दोन-तीन दिवस आधीच होऊन मुरत बसलेलं असतं, इंदियालला (हेही तसंच व्हिनेगरमधलं, पण मोठ्या तुकड्यांचं मटण) मसाला लागलेला असतो, कोंबडी रोस्टसाठी मॅरिनेट करून फ्रिजमध्ये ढकललेली असते, म्हणजे मेन जेवण म्हणाल तर झालेलंच असतं. आणि मग २४ तारखेला दुपारी घरातलं कोणीतरी विचारतं, अगं पण बाजूला काय करणारेस? तिथून खरी धावपळ सुरू होते. कारण मटणाचे प्रकार आदल्या दिवशीचे जास्त चांगले लागतात पण बाजूचे पदार्थ बहुतेक त्याच दिवशी करायचे असतात, आणि त्याच दिवशी मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) पण असते, पाहुणे पण असतात आणि गॅसला बर्नर मात्र तेवढेच.

तर हे वसई-मुंबई-गोवा साइडच्या घरांसाठी लिहितेय, म्हणजे जिथे टेबलावर टर्की नसते, सोरपोतेल असतं. बाकी म्हणायला ख्रिसमस डिनर, पण बऱ्याच घरी रात्रीच्या मिस्साहून आल्यावर केक आणि वाइन एवढंच होतं आणि खरं मोठं जेवण २५ ला दुपारीच असतं, त्यामुळे मी सगळा टाइम दुपारच्या दीड वाजताचा धरलाय. तुमच्याकडे रात्री असेल तर तेवढे तास पुढे सरकवा.

पहिली गोष्ट, पदार्थांची यादी करायला बसू नका. आधी मेन काय आहे ते बघा आणि त्याला काय हवंय ते बघा. सोरपोतेल, इंदियाल, विंदालू हे सगळे तिखट, व्हिनेगरने आंबट आणि वर चरबीचा तवंग असलेले प्रकार, त्यांना रस टिपून घेणारं काहीतरी मऊ आणि किंचित गोडसर लागतं. रोस्ट असेल तर त्याला बटाटा आणि सॅलड. गोव्याकडचं काफ्रियाल (हिरव्या मसाल्यातली कोंबडी) असेल तर ते कोरडंच असतं, त्याच्याबरोबर सान्ना (तांदूळ-खोबऱ्याच्या, इडलीसारख्या वाफवलेल्या) कशाला, त्याला तळलेला बटाटा, कांद्याच्या चकत्या आणि लिंबू बास. बदकाची मोयली केली असेल तर तिची ग्रेव्ही वाया जाऊ नये म्हणून पाव किंवा फुगे (मैद्याचे तळलेले मऊ गोळे) पाहिजेतच. माझा सरळ हिशेब असा आहे की टेबलावर एक रस टिपणारं, एक भाताचं, एक आंबट कुरकुरीत, एक हिरवं आणि एक मुलांना-म्हाताऱ्यांना चालेल असं बिनतिखट, एवढं झालं की टेबल भरलं. त्यावर जे करतो ते हौसेसाठी. आणि दुसरा नियम जो मी फार कडक पाळते तो म्हणजे जेवायच्या आधीच्या तासाभरात तळण एकच. फुगे तळायचे असतील तर बटाट्याचे चॉप्स आधी तळून घ्या, दोन कढया एकाच वेळी लावल्या की घरातली एक बाई जेवायला बसतच नाही.

आता रस टिपणाऱ्यातलं सांगते, कारण भांडणं इथेच होतात. गोव्याच्या आणि मंगळूरच्या घरात सान्ना, ईस्ट इंडियन घरात फुगे, आणि दोघंही म्हणणार की सोरपोतेलबरोबर आमचंच जातं. (ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी, ठाणे, वसई इकडचे मूळचे ख्रिस्ती लोक, १८८७ साली बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन निघाली तेव्हा गोव्याहून मंगळूरहून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून वेगळी ओळख म्हणून हे नाव घेतलं, नाहीतर पूर्वेचा तसा काही संबंध नाही. वसईतले कुपारी, म्हणजे तिथलाच एक ख्रिस्ती समाज, मात्र स्वतःला कुपारीच म्हणवतात.) माझं मत विचाराल तर सोरपोतेलला सान्ना आणि इंदियालला फुगे. सोरपोतेलचे तुकडे बारीक असतात, रस दाट असतो, तो सान्नाच्या जाळीत बसतो. इंदियालचे तुकडे मोठे असतात, तिथे हाताने फुगा फोडून लावून खायला मजा येते. पण दोन्ही करायच्या भानगडीत पडू नका, एक करा आणि नीट करा.

फुग्यांचं सांगते. दहा जणांना अर्धा किलो मैदा पुरतो, त्यात दोन अंडी, दोन मोठे चमचे साखर, चमचाभर मीठ, एक चमचा तूप, दीड छोटा चमचा ड्राय यीस्ट (आधी कोमट पाण्यात थोड्या साखरेबरोबर फेसाळू द्या, फेस आला नाही तर यीस्ट मेलेलं आहे, तिथेच थांबा आणि दुसरं पाकीट आणा) आणि लागेल तसं कोमट नारळाचं दूध. पूर्वी यीस्टच्या जागी ताडी घालायचे आणि वसईकडे ज्यांना ताजी ताडी मिळते ते अजूनही घालतात, तिचा वास वेगळाच येतो हे मान्य, पण ताडी ताजी नसेल तर फुगे आंबट होतात, म्हणून खात्री नसेल तर यीस्टच बरं. पीठ पोळीसारखं मळायचं नाही, ते सैल पाहिजे, हाताला चिकटून तार सुटेल इतकं, आणि हाताने वरून खाली आपटत आपटत दहा मिनिटं तरी फेटायचं. मग झाकून दोन ते तीन तास. डिसेंबरमध्ये पीठ फुगायला वेळ घेतं, वसईला तर सकाळी चांगलाच गारवा असतो, म्हणून बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा किंवा गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी कपाटात ठेवा.

तळताना डावा हात पाण्यात बुडवायचा, मूठभर पीठ उचलायचं आणि मूठ हळूहळू आवळायची, की अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून पिठाचा गोळा लिंबाएवढा वर येतो, तो उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी किंवा ओल्या चमच्याने काढून अलगद तेलात सोडायचा. पहिले चार-पाच वाकडेतिकडे, शेपटीवाले होणार, ते पोरांना द्या. तेल मध्यम तापलेलं हवं, फार कडक असेल तर वरून लाल होतात आणि आत कच्चं पीठ राहतं, आणि हे टेबलावर गेल्यावर कळतं म्हणून पहिला फुगा फोडून बघा. तेल बरोबर असेल तर फुगे स्वतःच गरगर फिरतात, जे फिरत नाहीत त्यांच्यावर झाऱ्याने तेल उडवायचं. तळले की कागदावर काढा आणि मग टोपलीत कापड घालून झाकून ठेवा, स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवले तर वाफेने ओले होतात.

सान्ना करणार असाल तर काम आदल्या रात्री सुरू होतं. तीन वाट्या उकडा तांदूळ किंवा इडलीचा तांदूळ रात्री भिजत टाका, मिस्साला जायच्या आधी. सकाळी एक वाटी ओलं खोबरं आणि अर्धी वाटी शिजलेला भात घालून अगदी मऊ वाटा, पाणी म्हणून नारळाचंच पाणी वापरा, इडलीच्या पिठापेक्षा जरासं सैल ठेवा. मग यीस्ट एक छोटा चमचा, साखर दोन मोठे चमचे, मीठ. पीठ दीड-दोन तासांत दुप्पट होतं, म्हणून भांडं मोठं घ्या, नाहीतर ओटा धुवायचं काम वाढेल. आणि एकदा फुगलं की ढवळायचं नाही, लोक इथे हमखास डाव घालून खालवर करतात आणि मग म्हणतात सान्ना बसल्या. कडेने डाव घालून हलकेच उचला, तेल लावलेल्या वाट्या अर्ध्याच भरा, पंधरा-वीस मिनिटं वाफवा. वाटीतून काढायची घाई करू नका, पाच मिनिटं निवल्या की सुटतात.

हे दोन्ही नको असेल तर पाव. त्यात कमीपणा काही नाही. गोव्यात सकाळी पोदेर (पाववाला) पोई आणि उंडे हे तिकडचे पाव घेऊन दारात येतो, तिकडच्या लोकांना प्रश्नच नाही, पण मुंबईत-वसईत बेकरीला २४ ला सकाळीच सांगून ठेवा कारण २५ ला सकाळी रांग असते आणि नऊनंतर नुसता स्लाइस ब्रेड उरतो. तांदळाच्या पिठाची हातावर थापलेली भाकरी हा आणखी एक चांगला प्रकार आहे, सोरपोतेलबरोबर झकास लागते, पण ती गरमच पाहिजे आणि पंधरा माणसांना गरम गरम भाकऱ्या म्हणजे कोणीतरी एक जण चुलीपाशी अडकलाच, म्हणून सणाच्या दिवशी मी तरी ती करत नाही, २६ ला करते.

भाताचं लवकर आटपते. साधा पुलाव करा, बिर्याणी नको, बिर्याणी म्हणजे दुसरं मेन झालं. तूप, लवंग, दालचिनी, वेलची, तमालपत्र, उभा चिरलेला कांदा गुलाबी करून धुतलेला बासमती परतायचा आणि पाण्याऐवजी कोंबडीच्या हाडांचा स्टॉक घालायचा, गोव्यातला आरोझ (तिकडचा पुलाव) जवळपास याच वाटेने जातो. वरून तळलेला कांदा, काजू, बेदाणे, उकडलेल्या अंड्याच्या फोडी. माणशी पाऊण वाटी तांदूळ धरतात लोक पण बाजूला फुगे किंवा सान्ना असतील तर अर्धी वाटी खूप झाली, नाताळचा उरलेला पुलाव मी दर घरात बघते.

आता आंबट आणि कुरकुरीत. हा भाग लोक सगळ्यात जास्त विसरतात आणि मग जेवण जड झालं म्हणतात. तीन मटणाचे प्रकार आणि मैद्याचे तळलेले फुगे असल्यावर जिभेला मध्येच धुऊन काढणारं काहीतरी पाहिजेच. ईस्ट इंडियन घरात लग्नाचं लोणचं म्हणून एक प्रकार असतो तो नाताळला पण तितकाच शोभतो. कच्ची पपई आणि गाजर यांच्या पातळ काड्या करायच्या, मीठ लावून दोन तास ठेवायच्या, घट्ट पिळून कापडावर पसरून अर्धा दिवस उन्हात सुकवायच्या. मग दोन वाट्या व्हिनेगरमध्ये एक वाटी साखर विरघळेपर्यंत गरम करून पूर्ण गार करायचं, त्यात लाल तिखट, भरड मोहरी, आल्याच्या आणि लसणाच्या काप, चिरलेली खारीक, बेदाणे, आणि त्या सुकलेल्या काड्या. काचेच्या बरणीत भरा, ॲल्युमिनियम किंवा पितळ नको, आणि निदान पाच-सहा दिवस राहू द्या, म्हणजे १८-१९ तारखेला करायला हवं. काड्या नीट पिळल्या नाहीत तर लोणचं पाणचट होतं आणि टिकत नाही, या पदार्थात सांभाळायचं तेवढंच आहे. गंमत म्हणजे पपई काय, मिरची काय, काजू काय, बटाटा काय, हे सगळं पोर्तुगीजांच्या जहाजांनी अमेरिकेकडून इकडे आलेलं, आणि वसई १५३४ पासून १७३९ ला चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत त्यांच्याकडेच होती, त्यामुळे आमच्या बाजूच्या ताटल्यांमधलं निम्मं सामान तसं बोटीने आलेलंच आहे.

लोणचं करायला उशीर झाला असेल तर कांद्याच्या गोल चकत्या मीठ, चिमूटभर साखर आणि व्हिनेगरमध्ये अर्धा तास टाका, गुलाबी होतात, काम भागतं. व्हिनेगर शक्यतो माडाचा घ्या, सिंथेटिक व्हिनेगर नाकात जातो. आणि गोव्याहून कोणी येणार असेल तर त्यांना कोलंबीचं बालचाव (आंबट-तिखट लोणच्यासारखा प्रकार) घेऊन यायला सांगा, म्हणजे तुमचं एक काम कमी.

सॅलडमध्ये रशियन सॅलड हे बिनतिखटवाल्यांचं मुख्य आधार असतं, मुलं तर कधी कधी तेवढंच खातात. बटाटा, गाजर, फरसबी, मटार, सगळं वेगवेगळं उकडा कारण प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो, एकत्र कुकरला लावलं की मटार फुटतात आणि त्याचा भाजीचा लगदा होतो. डिसेंबरमध्ये मटार स्वस्त आणि गोड असतात, फ्रोझन आणू नका. भाज्या आदल्या दिवशी उकडून, कोरड्या करून फ्रिजमध्ये, आणि मेयोनेज वाढायच्या अर्धा तास आधीच घालायचं. बीट घालायचं असेल तर सालासकट अख्खं उकडा, देठ दोन बोटं ठेवून, म्हणजे रंग पाण्यात जात नाही, आणि त्याच्या फोडी वरून कडेने लावा, ढवळलंत तर सगळं गुलाबी. मेयोनेज घातलेलं सॅलड टेबलावर दोन तासांच्या वर ठेवू नका, गप्पा लांबतात आणि आपल्याकडे नाताळलासुद्धा दुपारी काही थंडी नसते.

बटाट्याचे चॉप्स. हे खरं स्टार्टर म्हणून पण जातात पण मी टेबलावरच ठेवते. उकडलेला बटाटा, आत खिम्याचं सारण, अंड्यात बुडवून रव्यात घोळवून तव्यावर कमी तेलात. सगळी मेख बटाट्यात आहे, डिसेंबरात बाजारात नवा बटाटा यायला लागतो, त्यात पाणी जास्त, त्याचे चॉप तव्यावर फुटतात. भाजीवाल्याला जुना बटाटा मागा, २३ ला उकडा, गरम असतानाच कुस्करा आणि उघडाच गार करा. २४ ला सारण भरून, वळून, रवा लावून ट्रेमध्ये फ्रिजला, २५ ला सकाळी अकराला तळून घ्या आणि वाढताना नुसता तवा गरम करून एकेक मिनिट. माणशी दोन धरा, आणि पोरं घरात फिरत असतील तर चार-पाच जास्तीचे.

रोस्ट असेल तर त्याचे बटाटे वेगळे. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं अर्धवट उकडून, पाणी काढून, पातेलं झाकून जोरात हलवायचं, म्हणजे कडा खरबरीत होतात आणि त्याच मग खरपूस लागतात. ओव्हन नसेल तर फोडी तळून शेवटी रोस्टच्याच टोपात, त्या खाली चिकटलेल्या मसाल्यात घोळवा. मला विचाराल तर हेच जास्त चांगले लागतात.

हिरवं म्हणून फुगाथ करा, म्हणजे कोबी किंवा फरसबी बारीक चिरून, कांदा-लसूण-हिरवी मिरचीवर मोठ्या आचेवर परतून वरून ओलं खोबरं. झाकण ठेवायचं नाही, पाणी घालायचं नाही, दहा मिनिटांत होते, आणि एवढ्या मसाल्यांमध्ये ही साधी भाजी लोक दोनदा मागतात. सगळ्यात शेवटी करायची.

शेजारचे, ऑफिसमधले शाकाहारी लोक येणार असतील तर त्यांच्यासाठी फक्त पुलाव आणि सॅलड असं करू नका हो. बेबी पोटॅटो किंवा फ्लॉवर घेऊन विंदालूचा तोच वाटलेला मसाला घालून एक छोटं पातेलं वेगळं करा, वेळ पण लागत नाही. पण मग बाकीचं पण नीट बघा, फुग्यात अंडं असतं (न घालता पण होतात, थोडं नारळाचं दूध जास्त लागतं), पुलावात स्टॉक असतो, रशियन सॅलडच्या मेयोनेजमध्ये अंडं असतं, वूस्टर सॉसमध्ये बहुतेक वेळा अँकोव्ही मासा असतो आणि साध्या जेलीत जिलेटिन. त्यांचं तळण पहिलं करा, चॉप्स नंतर, आणि त्यांच्या पदार्थांना वेगळे डाव ठेवा, सांगायला लाजू नका, लोकांना उलट बरं वाटतं.

कुलकुल, नेवऱ्या, मिल्क क्रीम, पेराद, दोदोल, बेबिंका, वसईची सुकेळी हे सगळं गोडाचं, बाजूचं नाही, त्याची वेगळी ताटली नंतर. टेबलावर आधीच मांडलीत तर पोरं जेवणार नाहीत, बाकी या विषयात शिरले तर आणखी एवढंच लिहावं लागेल.

परदेशात असाल, कॅनडा, गल्फ, लंडन वगैरे, तर ताडीचा विषय सोडा, यीस्ट वापरा. फ्रोझन किसलेलं खोबरं चालतं पण रूम टेंपरेचरवर आणून मगच वाटा, थंडगार खोबऱ्याने सान्नाचं पीठ फुगत नाही. कच्ची पपई एशियन दुकानात मिळते, नाही मिळाली तर नुसत्या गाजराचं लोणचं करा. आणि हीटर लावलेल्या घरात पीठ तुमच्या अंदाजापेक्षा लवकर फुगेल, लक्ष ठेवा.

वेळेचा हिशेब असा धरा. लोणचं १८-१९ ला. २३ ला बटाटे उकडणं, सारण, खोबरं खवून डबा भरणं. २४ ला चॉप्स वळणं, सॅलडच्या भाज्या, कांदा तळून एअरटाइट डब्यात, रात्री तांदूळ भिजत. २५ ला नऊच्या आत पीठ तयार झालं पाहिजे, मग फुगे असोत की सान्ना. अकराला चॉप्स, साडेअकराला पुलाव, बाराला फुगे तळायला किंवा सान्ना वाफवायला, साडेबाराला सोरपोतेल मंद आचेवर गरम करायला (त्याला पाणी घालून पातळ करू नका, लागलंच तर चमचाभर व्हिनेगर), एकला मेयोनेज आणि फुगाथ. उरलेले फुगे दुसऱ्या दिवशी वाफेवर ठेवू नका, चिवट होतात, अर्धे कापून तव्यावर बटर लावून भाजा. सान्ना मात्र वाफेवरच, किंवा तुकडे करून तुपात परतून वर साखर भुरभुरवायची, चहाबरोबर छान लागतात.